तारतम्याची जागा

कपाळाच्या हाडामागे, दोन्ही डोळ्यांच्या खोबणींच्या छतावर अंथरल्यासारखा मेंदूचा जो भाग असतो, त्याला ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात. मेंदूच्या पुढच्या खंडाला मराठी परिभाषेत ललाट खंड असे नाव आहे. डॉक्टरांच्या आणि त्यांचे ऐकून नातेवाइकांच्याही तोंडी मात्र ‘फ्रंटल लोब’च असतो. माणसाच्या मेंदूवरच्या सुरकुतलेल्या थराचा सुमारे एक तृतीयांश भाग या एका खंडाने व्यापला आहे. त्याचा तळ आणि दोन्ही गोलार्धांमधल्या भेगेलगतची त्याची आतली बाजू मिळून जो पट्टा होतो, तो निर्णय घेण्याच्या कामात काय करतो, एवढाच येथे विषय आहे. बाळाच्या जन्मानंतर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर भविष्य लिहून जाते, ही समजूत महाराष्ट्रात घरोघरी आहे. शरीरशास्त्राच्या दृष्टीने सटवाईने जागा बरोबर निवडली म्हणायची. फरक इतकाच, की हे लिखाण एका रात्रीत उरकत नाही, पंचविशीपर्यंत चालते, आणि पुसलेही जाते.

पुसले कसे जाते, हे कवटीची रचना पाहिली की कळते. कवटीची वरची घुमटी आतून बरीच गुळगुळीत असते. डोळ्यांच्या खोबणींवरचे हाड मात्र आतल्या बाजूने उंचसखल, कंगोऱ्यांचे असते. वेगात चाललेले डोके एकदम थांबले, तर मेंदू आतल्या आत पुढे सरकतो आणि त्याचा तळ या कंगोऱ्यांवर घासला जातो. मार डोक्याच्या मागच्या बाजूला लागला तरी खरचटतो तो बहुधा हाच भाग आणि त्याच्या शेजारचे कानशिलामागच्या खंडाचे टोक. कवटी फुटलेली नसते, रक्त फारसे गेलेले नसते, कधी कधी पहिल्या सीटी स्कॅनमध्येही विशेष काही दिसत नाही. एक खूण मात्र घरच्यांना सापडते. वासाच्या नाजूक तंतूंचा जुडगा याच भागाखालच्या चाळणीसारख्या हाडातून नाकात उतरतो आणि त्याच हिसक्याने तुटतो. माणूस दवाखान्यातून घरी येतो, जेवायला बसतो आणि हिंगाची फोडणी आपल्याला लागतच नाही म्हणतो. अपघातानंतर वास गेला असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञ त्या माणसाच्या वागण्याचीही चौकशी करतात. कारण वास आणि तारतम्य शेजारी-शेजारी राहतात.

तारतम्य हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. या भागाच्या इजेनंतर जे जाते त्याला इंग्रजी वैद्यकात बरीच लांबलचक नावे आहेत, पण घरचे लोक जे सांगतात ते जास्त नेमके असते. हिशेब अचूक करतो, पेपर वाचतो, जुने सगळे आठवते. पण पोच राहिला नाही, धरबंध राहिला नाही, कुठे काय बोलावे ते कळत नाही, पगार आठवड्यात उडवतो, कोणीही काही विकायला आले की घेतो. बुद्धी शाबूत आणि शहाणपण गायब, असा हा विचित्र हिशेब. बुद्धिमत्ता चाचणीत अशी माणसे चांगले गुण मिळवतात. त्यामुळे विमा कंपनीला, कार्यालयाला आणि कित्येकदा स्वतःलाही ती धडधाकटच वाटतात.

वैद्यकाच्या इतिहासात अशा माणसांपैकी सर्वांत प्रसिद्ध झाला तो फिनियस गेज. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी खडक फोडताना सुरुंगाची दारू अवेळी पेटली आणि सुमारे एक मीटर लांब, सहा किलो वजनाची लोखंडी पहार त्याच्या डाव्या गालाखालून शिरून डोळ्यामागून वर जाऊन टाळूतून बाहेर पडली. पंचवीस वर्षांचा गेज बैलगाडीत बसून गावात आला आणि डॉक्टरांशी बोलला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या जॉन हार्लो यांनी वीस वर्षांनी, १८६८ मध्ये, सविस्तर वृत्तान्त छापला. पूर्वीचा जबाबदार मुकादम आता लहरी, शिवराळ आणि बेत आखून क्षणात मोडणारा झाला होता, असे त्यात लिहिले आहे. हाना दमासिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये गेजच्या कवटीची मापे घेऊन पहारीचा मार्ग संगणकावर आखला, तेव्हा तो याच पट्ट्यातून जात असल्याचे दिसले. गेजची कथा इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिच्यात बराच मीठमसाला पडला आहे. त्याचे पुढचे आयुष्य काही वेगळेच सांगते. ते पुढे येईल.

शास्त्राच्या दृष्टीने जास्त मोलाचा रुग्ण ‘ईव्हीआर’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. पॉल एसलिंगर आणि अँटोनिओ दमासिओ यांनी १९८५ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. मेंदूच्या आवरणावरची गाठ काढताना याच्या ललाट खंडाचा तळभाग गेला. त्यानंतर नोकऱ्या सुटल्या, धंदा बुडाला, लग्न मोडले. बुद्धिमत्ता मात्र सरासरीपेक्षा वरचढच राहिली. एखादा नैतिक पेच कागदावर दिला, तर तो त्याचे उत्तम विवरण करी. पण कोणत्या हॉटेलात जेवायचे हे ठरवताना तो प्रत्येक ठिकाणची बसण्याची सोय, पदार्थ, गर्दी यांची तुलना तासन्‌तास करत राही आणि ठरत काहीच नसे. भावना बाजूला ठेवली की निर्णय चांगला होतो, हा आपल्याकडे शाळेपासून शिकवला जाणारा सिद्धान्त या एका माणसापाशी अडखळतो. त्याच्या निर्णयात भावना उरलीच नव्हती, आणि निर्णयही उरला नव्हता.

ही गोष्ट प्रयोगशाळेत पकडण्यासाठी आयोवा विद्यापीठात अँटोइन बेशारा आणि अँटोनिओ व हाना दमासिओ हे दांपत्य यांनी पत्त्यांचा एक खेळ रचला. तो १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. खेळणाऱ्यासमोर चार गड्ड्या असतात आणि हातात २००० डॉलरचे खोटे भांडवल. पहिल्या दोन गड्ड्यांत प्रत्येक पानामागे १०० डॉलर मिळतात, पण दर दहा पानांत एकूण १२५० डॉलर दंड बसतो. उरलेल्या दोन गड्ड्यांत पानामागे ५० च मिळतात, पण दंडही दहा पानांत २५० एवढाच. म्हणजे पहिल्या दोन गड्ड्या दर दहा पानांना २५० डॉलरने बुडवतात, दुसऱ्या दोन तेवढेच कमावून देतात. हे खेळणाऱ्याला सांगितलेले नसते. पाने शंभर उचलायची असतात. पण ती किती, हेही त्याला माहीत नसते.

धडधाकट माणूस सुरुवातीला मोठ्या रकमेकडे ओढला जातो, दोन-चार फटके खातो आणि हळूहळू कमी देणाऱ्या गड्ड्यांकडे वळतो. ललाट खंडाच्या तळाला इजा झालेला माणूस वळत नाही. खेळ संपता संपता कोणती गड्डी घातक आहे हे त्याला कधी कधी तोंडाने सांगताही येते, आणि तरी हात तिकडेच जातो. त्याचे कारण संशोधकांना तळहातावरच्या घामात सापडले. त्वचेची विद्युतवाहकता मोजणारी यंत्रे लावली तेव्हा दिसले, की दंड बसल्यावर दोघांनाही घाम फुटतो. फरक त्याआधीचा आहे. धडधाकट माणसाचा हात घातक गड्डीकडे निघाला की पान उचलण्यापूर्वीच घाम वाढतो. इजा झालेल्याचा वाढत नाही. १९९७ च्या पुढील प्रयोगात तर साधारण दहा पानांनंतर, म्हणजे खेळणाऱ्याला काही उमगले आहे असे तो सांगू लागण्याच्या बरेच आधी, हा घाम दिसू लागला.

याचा अर्थ लावणारे अँटोनिओ दमासिओ यांचे गृहीतक असे: मागच्या अनुभवात शरीराला जे जाणवले त्याची एक खूण ठेवली जाते, आणि तशीच परिस्थिती पुन्हा आली की हा पट्टा ती खूण जागी करतो. बुद्धी पर्याय मोजू लागण्यापूर्वीच काही पर्याय त्यामुळे गळून पडतात. मराठीला यात फारसे नवे वाटू नये. पोटात गोळा येणे, छातीत धस्स होणे, पाय न उचलणे, मन न धजणे, हे सगळे निर्णयाचेच शब्द आहेत आणि जवळजवळ सगळे शरीरातून आलेले आहेत. या गृहीतकावर आक्षेपही घेतले गेले. टियागो माइआ आणि जेम्स मॅक्लेलंड यांनी २००४ मध्ये प्रश्न जास्त नेमके विचारून दाखवले, की खेळणाऱ्यांना मानले जाते त्यापेक्षा बरेच लवकर आणि बरेच जास्त कळलेले असते. शरीराचे संकेत मेंदूला आधी पोचतात की मेंदू स्वतःच अनुभवाची किंमत नोंदवून ठेवतो, हा वाद मिटलेला नाही. इजा झालेला माणूस तोट्याचीच निवड करत राहतो, एवढे मात्र दोन्ही पक्षांना मान्य आहे.

चार गड्ड्यांपैकी दुसरी गड्डी पुण्याच्या वाचकाने जरा थांबून पाहावी अशी आहे. पहिली गड्डी वारंवार दंड करते, दुसरी दहा पानांत एकदाच, पण एकदम १२५० चा. पुढच्या काळात अनेक संशोधकांना आढळले की पूर्ण निरोगी माणसेही या दुसऱ्या गड्डीकडे बराच काळ ओढली जातात. नऊ वेळा फायदाच होतो, मग दहाव्याचा विचार आतून येणार कोठून?

ही गड्डी पुण्यात रोज सकाळी उचलली जाते. सायकलींचे शहर म्हणून ओळखले गेलेले पुणे पुढे लूना आणि चेतकवर बसले. २०१८ मध्ये शहरात नोंदलेल्या वाहनांची संख्या लोकसंख्येच्याही पुढे गेली, आणि त्यांत दुचाकी सर्वांत जास्त. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२९ ने दुचाकीस्वाराला हेल्मेट बंधनकारक केले आहे. पण १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी त्याची कडक अंमलबजावणी सुरू केली, तेव्हा ‘हेल्मेटसक्ती’ या शब्दाखाली शहरात जो विरोध उभा राहिला त्यात एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एकत्र आले. मान दुखते, केस गळतात, ऐकू येत नाही, पेठांतल्या गर्दीत वेगच कुठे असतो, ही कारणे खोटी नव्हती. ती रोज जाणवणारी होती. हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो, असे जगभरच्या अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसले आहे. पण टक्केवारीने घाम फुटत नाही. हेल्मेटशिवाय सुखरूप पार पडलेली प्रत्येक फेरी म्हणजे १०० डॉलरचे एक पान. मेंदूचा हा पट्टा ऐकलेल्यापेक्षा भोगलेल्यावर शिकतो, आणि दहावे पान ज्याने उचलले त्याचा शिकण्याचा अवयवच बहुधा जखमी झालेला असतो. हेल्मेट घालायचे की नाही हे ठरवणारा आणि ते न घातल्यामुळे आधी खरचटणारा भाग एकच, हा योगायोग क्रूर आहे.

इजेच्या अभ्यासातून हा भाग नसल्यावर काय होते ते कळते. तो असताना काय करतो हे कळायला पेशींपर्यंत जावे लागते. कॅमिलो पाडोआ-स्किओपा आणि जॉन असद यांनी २००६ मध्ये माकडांना दोन निरनिराळ्या रसांमधून एक निवडायला लावले. आवडता रस थोडा आणि कमी आवडता जास्त, असे प्रमाण ते बदलत गेले. ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्समधल्या काही पेशींची सक्रियता रसाचा प्रकार किंवा त्याचे माप यांपैकी कशालाही धरून बदलत नव्हती. ती माकडाला त्या क्षणी वाटणाऱ्या मोलाप्रमाणे कमी-जास्त होत होती. मंडईत एक डझन हापूस घ्यावा की तेवढ्याच पैशांत पायरीचे दोन डझन, हा प्रश्न सुटण्यासाठी चव, संख्या, पाहुणे आणि खिसा या चार वेगळ्या गोष्टी एका मापात आणाव्या लागतात. ते माप येथे तयार होत असावे. शिवाय ते पक्के नसते. पहिल्या पुरणपोळीला येथे जे मोल असते ते चौथ्या पोळीला उरत नाही, जिभेला चव तीच लागत असली तरी. एडमंड रोल्स यांच्या प्रयोगांत पोट भरल्यावर त्या पदार्थाला प्रतिसाद देणाऱ्या येथल्या पेशी शांत होताना दिसल्या. नियम उलटला की वागणे उलटवणे हेही याच कामाचे अंग. गणेशोत्सवात नेहमीचा रस्ता बंद असला की बहुतेक लोक एक-दोनदा चुकून तिसऱ्यांदा वळसा घेतात. या भागाला इजा झालेला माणूस बंद रस्त्यावर पुन्हा पुन्हा जातो.

निर्णयाचे सर्वांत साधे रूप पाहायचे, तर उंदीर आणि वास यांच्याकडे वळावे लागते. पुण्यात पाषाणला २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘आयसर’ या संस्थेत निक्सन अब्राहम यांची प्रयोगशाळा हे काम करते. एका वासाला नळी चाटली तर पाणी, दुसऱ्याला चाटली तर काही नाही. दोन वासांतला भेद ओळखून उंदीर किती क्षणांत ठरवतो, हे तेथे मोजले जाते. ज्या ज्ञानेंद्रियाची वाट ललाट खंडाच्या तळाला इतकी जवळून जाते, त्यावरच हे प्रयोग व्हावेत हे साहजिक आहे.

हा पट्टा एकटा काही ठरवत नाही, हे येथेच नोंदवलेले बरे. धोक्याची चाहूल मेंदूतला अमिग्डाला हा भाग देतो, मिळालेले आणि अपेक्षिलेले यांतला फरक डोपामिन स्रवणाऱ्या पेशी कळवतात, आकडे आणि अटी डोक्यात धरून ठेवण्याचे काम ललाट खंडाचा वरचा-बाजूचा भाग करतो, आणि दोन पर्यायांची ओढाताण होते तेव्हा मधल्या भेगेतला आणखी एक भाग जागा होतो. यांतली कोणतीही दोरी तुटली तरी निर्णय बिघडतो. बिघाडाची तऱ्हा मात्र वेगळी असते.

व्यसन हे त्याचे ठळक उदाहरण आहे. दारू आणि इतर मादक द्रव्यांच्या आहारी गेलेल्यांना पत्त्यांचा हाच खेळ दिल्यावर त्यांच्यातले बरेच जण ललाट खंडाची इजा झालेल्यांसारखे खेळतात, असे बेशारा यांना आढळले. आताच्या घोटाचे मोल इतके फुगलेले असते की महिन्याअखेरची तारीख, मुलीची फी, डॉक्टरांचा इशारा या गोष्टी माहीत असूनही तुलनेत उतरत नाहीत. ‘उद्यापासून सोडतो’ हे वाक्य बहुधा खोटेपणाने बोललेले नसते; उद्याला वजनच नसते. पुण्यात येरवड्याला ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. अनिल अवचट यांच्या गर्द या मादक द्रव्याच्या व्यसनावरील लेखनातून विषय पुढे आला, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी पाठबळ दिले आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये ते उभे केले. दाखल झालेल्याला तेथे ‘रुग्णमित्र’ म्हणतात. ठरलेली दिनचर्या, समुपदेशन, एकमेकांना सांगितलेले स्वतःचे अनुभव आणि घरी गेल्यावरचा पाठपुरावा, अशी तेथल्या उपचारांची घडण आहे. ती मेंदूचे नकाशे पाहून ठरलेली नाही. तरीही ज्याची निवड करण्याची शक्ती दुबळी झाली आहे त्याच्यापुढचे पर्याय काही काळ कमी करणे, आणि दूरचा तोटा दुसऱ्याच्या तोंडून जिवंत करून समोर आणणे, या दोन्ही गोष्टी तिच्यात बसलेल्या आहेत.

वयाचा मुद्दा यालाच लागून येतो. ललाट खंडाचे तंतू पक्के होण्याचे काम मेंदूत सर्वांत शेवटी, विशीच्या मध्यापर्यंत चालते, तर बक्षिसाकडे ओढणारे भाग पौगंडावस्थेतच जोरात असतात. एकटा असताना बरा विचार करणारा सतरा वर्षांचा मुलगा मित्र पाहत असताना जास्त धोका पत्करतो, हे प्रयोगांत दिसले आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला आणि मोटार सतरा वर्षांच्या मुलाने चालवल्याचा आरोप झाला, तेव्हा हा विषय शहरभर चर्चिला गेला. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात, सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर कृत्याचे परिणाम समजण्याची त्याची क्षमता बाल न्याय मंडळाने प्राथमिक तपासणीत पाहावी, अशी तरतूद आहे. मेंदूशास्त्र येथे थोडीच मदत करू शकते. ते हजारो मुलांची सरासरी सांगते; समोर उभ्या असलेल्या एका मुलाला त्या रात्री काय कळत होते, ते सांगत नाही.

न्यायालयात मेंदूवर जास्त भार टाकला की काय होते याचा दाखलाही पुण्यातलाच आहे. जून २००८ मध्ये येथील सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात दोषी ठरवताना, डोक्याला विद्युतअग्रे लावून घेतलेल्या ‘बीईओएस’ या मेंदूलहरींच्या चाचणीचा आधार घेतला होता आणि त्याची चर्चा जगभर झाली. मे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात अशा चाचण्या संमतीशिवाय करणे घटनाबाह्य ठरवले. मेंदूच्या स्कॅनमध्येही एखादा भाग चित्रात उजळला म्हणून माणसाने अमुक ठरवले होते असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही, कारण तोच भाग दहा निरनिराळ्या कामांत उजळतो.

उरतो तो इजा झालेल्या माणसाच्या रोजच्या जगण्याचा प्रश्न, आणि येथे गेजचे पुढचे आयुष्य उपयोगी पडते. अपघातानंतर काही वर्षांनी तो चिलीला गेला आणि तेथे सुमारे सात वर्षे त्याने घोडागाडी हाकली. ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता, ठरलेली जनावरे आणि रोज तीच कामे त्याच क्रमाने. असे आखीव काम मिळाल्यावर तो, कथेत सांगतात त्यापेक्षा, बराच सावरला असावा, असे अलीकडचे अभ्यासक मानतात. १८६० मध्ये फिटांच्या विकाराने तो गेला. पुनर्वसन करणारे आज घरच्यांना जवळपास हेच सांगतात: दहा पर्याय पुढे ठेवू नयेत, दोनच ठेवावेत, दिवसाची कामे लिहून भिंतीवर लावावीत, खर्चाचे पैसे महिन्याचे एकदम न देता थोडे थोडे द्यावेत, मोठ्या व्यवहारावर दुसरी सही असावी. चाचण्यांत गुण चांगले आले तरी तपासणीच्या वेळी पत्नीने, आईने किंवा भावाने सोबत असावे, कारण काय बदलले आहे हे त्यांनाच ठाऊक असते. आणि ज्याचा वास गेला आहे त्याला स्वयंपाकघरात गॅस सुटलेला कळत नाही. म्हणून रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर कोणी बंद करायचा, हे घरात आधी ठरवून घ्यावे लागते.